अक्काचा फोन आणि दाजींचा पुरावा

माझ्या तोंडून निघालेला आंबा कधीच पावशेराचा नसतो, भोपळ्याएवढाच असतो. हे जळगावात, निदान आमच्या पिंप्राळ्यात तरी सगळ्यांना ठाऊक आहे. कॉलनीत रिक्षाएवढा साप निघाला, असं मी सांगितलं की ऐकणारा मनातल्या मनात त्याची चाकं काढतो, हूड उतरवतो आणि उरलेलं दोरीएवढं जनावर खरं मानतो. मी वाढवायचं, त्याने उतरवायचं, दोघंही खूश. या इतक्या सभ्य व्यवहारात ज्याने कॉल रेकॉर्डिंग आणून घुसवलं, त्याला मे महिन्यात भर दुपारी धुळ्याच्या बसस्टँडवर अनवाणी उभा करायला हवा. रेकॉर्डिंगला चाकं काढता येत नाहीत. ते रिक्षाएवढा साप रिक्षाएवढाच जपून ठेवतं आणि वर तुमच्याच अंगावर सोडतं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, धुळ्याला दिलेली. दाजी एका कचेरीतून निवृत्त झाले. तिथले साहेब फोनवर सांगायचे "करून टाका" आणि चौकशी लागली की विचारायचे "मी कधी म्हणालो?" म्हणून दाजी साहेबांचे फोन रेकॉर्ड करायला लागले. इथवर माझी काही तक्रार नाही. पण निवृत्तीबरोबर साहेब सुटले, सवय सुटली नाही. दूधवाला उद्या लवकर येतो म्हणाला, रेकॉर्ड. व्याही तब्येत बरी आहे म्हणाले, रेकॉर्ड. मला तर वाटतं, देवळातली घंटासुद्धा दाजी पुराव्यानिशी वाजवत असतील.

अक्काच्या घरात मोबाइलला धड रेंज नाही, त्यामुळे आमचं बोलणं लँडलाइनवर. रोज संध्याकाळी ती भाजी निवडत हॉलमधल्या फोनवर बसायची. सून काय म्हणाली, गुडघा किती दुखतो, शेजारणीने वाटी परत केली नाही, सगळं अहिराणीत, अगदी मोकळं. लग्नानंतर तिला माहेर म्हणून जे उरलं होतं, ते एवढंच. आणि मला तेव्हा कुठे माहीत होतं की आतल्या खोलीत त्याच लाइनचा दुसरा फोन आहे आणि दाजी तो अलगद उचलून त्याच्या कानाला आपला मोबाइल लावून बसतात!

आखाजी, म्हणजे आमची अक्षय तृतीया, जवळ आली होती. आखाजीला लेकींनी माहेरी यायचं, झोका खेळायचा, मातीच्या खापरावर भाजलेली पुरणपोळी आमरसात बुडवून खायची. त्यासाठी भावाने मुराळी होऊन बहिणीला आणायला जायचं. मी फोनवर अक्काला म्हणालो, "या वर्षी दाजींना धुळ्यातच ठेव. मागच्या आखाजीला त्यांनी एवढा रस प्यायला की पिंप्राळ्यातल्या आंब्याच्या गाड्या तोंड लपवून चाळीसगावला पळाल्या. पोळ्या तर अशा संपवल्या की खापर हात जोडून म्हणालं, आता मला खाऊ नका." अक्का हसली, तिनेही एक टोला हाणला. मी हसलो. फोन ठेवला.

दोन दिवसांत अमळनेरहून नानांचा, म्हणजे दाजींच्या थोरल्या भावाचा, फोन.

"भाऊ, पाहुण्याचा घास मोजायचा नसतो."

"नाना, कोणी मोजला?"

"मी स्वतः ऐकलं. ग्रुपवर आहे."

घराण्याच्या ग्रुपवर माझा आवाज! रस, गाड्या, खापर, सगळं तिथे. फक्त अक्काचं हसू आणि तिचा टोला नव्हता, कारण दाजींनी ते कापलं होतं. हसू कापलं की चेष्टेचं काय राहतं? शिवी राहते. पाठोपाठ दाजींचा निरोप आला: अक्का यंदा येणार नाही, मुराळी पाठवू नये.

माझ्या अंगाचा असा भडका उडाला की त्यावर अख्ख्या जळगावचं भरीत भाजून निघालं असतं. बायको म्हणाली, "फोन करून माफी मागा." मी म्हणालो, "फोन? पुन्हा फोन?" आणि धुळ्याची बस पकडली. दारात आलेल्या मुराळ्याला आमच्याकडे रिकामं पाठवत नाहीत, हे दाजींनाही माहीत होतं.

दाजींनी पाणी दिलं, बसायला दिलं. मग मोबाइल टेबलावर ठेवला. "ऐका. नंतर म्हणाल, मी असं बोललोच नाही."

"बोललो की! आणखीही बोललो असतो, वेळ कमी पडला."

पण त्यांनी बटण दाबलंच. ग्रुपवर टाकलेला तुकडा नव्हे, मूळ अख्खं रेकॉर्डिंग लागलं. माझा रस झाला, खापर झालं आणि पाठोपाठ अक्काचा हसरा आवाज आला, "अरे, तुनाकडे त ते लाजीसन खातस. आठे ये, मंग दख!" म्हणजे माझ्याकडे दाजी लाजून खातात, खरं खाणं बघायचं तर धुळ्याला यावं!

दाजींचा हात बटणाकडे गेला, पण उशीर झाला होता. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कणकेचे हात तसेच. मला वाटलं, ही आता हसेल. ती हसली नाही.

"हाई मनं बोलणं शे," ती म्हणाली. "तुम्ही मना बठ्ठा फोन ऐकतस?"

"ऐकत नाही गं. सगळे नुसते ठेवतो. पुरावा म्हणून."

"कशाना पुरावा? मना गुडघा दुखस, त्याना?"

आयुष्यभर दाजींनी साहेब पकडले होते, त्या दुपारी स्वतः सापडले. अक्काने हात धुतले, पिशवी भरली आणि मला म्हणाली, "चाल भाऊ." दाजींनी अडवलं नाही. पिशवी मात्र स्टँडपर्यंत त्यांनीच उचलली, हे कबूल करायला हवं.

आखाजीला अक्का आली. निंबाच्या झोक्यावर बसून इतकी बोलली की निंबाला कान फुटले असते. गेल्या कित्येक वर्षांत रोज फोनवर बोलूनही जे सांगितलं नव्हतं, तेसुद्धा बोलली. मी म्हणालो, जिंकलो.

जिंकलो कसला! दाजींनी आतला फोन काढून टाकला, सगळं पुसलं, ग्रुपवर चूक झाली असं लिहिलं. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. अक्काचाही असेल. पण आता संध्याकाळी फोन लावला की ती कोर्टात उभी राहिल्यासारखी बोलते. बरी शे. पाऊस नही. सून बरी शे. मी रिक्षाएवढे, ट्रकएवढे, रेल्वेच्या डब्याएवढे साप सोडून पाहिले, ती हसत नाही. हसण्याआधी थांबते. ते थांबणं मला इकडे ऐकू येतं आणि माझं डोकं नव्याने फिरतं. चोराने भांडी नेली तर परत आणता येतात. हिची संध्याकाळ कुठल्या ठाण्यात जाऊन मागू?

परवा मी मुद्दाम विचारलं, "अक्का, गुडघा कसा आहे? खरं सांग."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती हळूच म्हणाली, "तू येशी तवय सांगसू."

तेव्हा आता मी एका गुडघ्याची चौकशी करायला दर पंधरवड्याला एसटीने धुळ्याला जातो. कंडक्टर विचारतो, तिकडे काही कामधंदा आहे का? मी सांगतो, बहिणीशी बोलायचं आहे. तो माझ्या खिशातल्या मोबाइलकडे बघतो, आणि तिकीट फाडतो.