उंच पायरी की अंधारा ट्रेलर?

मंडळी, आत्ताच आमच्या राणीला निफाडला घरी आणून बांधलंय. जीव भांड्यात पडलाय, म्हणून लगेच लिहितोय.

राणी आमची घोडी. सकाळी तिच्या उजव्या डोळ्यात बाभळीचा काटा घुसला. नाशिकचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "डोळ्यावर पट्टी बांधा आणि आजच आणा. उशीर झाला तर डोळा जाईल."

शेजारच्या गावात माझा एक मित्र घोडे पाळतो. त्याच्याकडे दोन ट्रेलर होते. एक वरून उघडा, ऐसपैस, पण चढायला उंच पायरी. दुसरा बंद, आतून अंधारा, पण त्याची मागची फळी उतरती होऊन जमिनीला टेकायची.

राणी अंधाराला बुजते, म्हणून मी उघडाच न्यायचा हट्ट धरला. वडील म्हणाले, "अरे, तिला एकाच डोळ्यानं दिसतंय. पायरी चुकली तर पाय मोडंल. अंधाराचं करू काहीतरी, मोडल्या पायाचं काय नाय करता यायचं."

मला पटलं. बंद ट्रेलरचं पुढचं छोटं दार उघडलं, तसा आत उजेड आला. वडील तिच्या डाव्या बाजूने, तिच्याशी बोलत बोलत फळी चढले. राणी थबकली, फळी हुंगली आणि त्यांच्याबरोबर आत गेली.

दुपारी काटा निघाला. डोळा वाचला. ते ऐकून वडील दवाखान्याच्या ओट्यावर मटकन बसले आणि रुमालात तोंड लपवून रडले. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं.

आता आपला स्वतःचा ट्रेलर घ्यावा म्हणतोय. घोडे पाळणाऱ्यांनो, तुम्ही कोणता घ्याल?