कर्नाटकच्या नंबराची अँबॅसिडर

बोरी बुद्रुकपासून मंचरपर्यंत शोधलं तरी माझ्या साडूइतका बूड न टेकणारा माणूस सापडायचा नाही. एका जागी बसलेले ते मी फक्त आमच्या लग्नाच्या फोटोत पाहिले आहेत, आणि त्यातही त्यांचा उजवा हात हलल्यामुळे पुसट आला आहे. चहा ते उभ्यानं पितात, पेपर अंगणात फेऱ्या मारत वाचतात. मंचरला एकदा न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली असताना समोर हायवेवर गाड्या तुंबल्या. साडूभाऊ गळ्यातल्या कापडासकट उठले, कांद्याच्या ट्रकवाल्यांना मागंपुढं करायला लावून वाट मोकळी केली आणि अर्ध्या तासानं येऊन उरलेला गाल पुढे केला. न्हाव्यानं तोवर दुसऱ्याची कटिंग उरकली होती. त्याला सवय होती.

हा माणूस सरकारी खात्यात ड्रायव्हर होता. पंचवीस वर्षं त्यांनी साहेबांची पांढरी अँबॅसिडर चालवली. पुढं खात्यात नव्या गाड्या आल्या आणि ती भंगारात गेली. त्या दिवशी ताईनं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, दिलेला डबा तसाच परत आला. तेव्हापासून तसली एक गाडी आपल्या नावावर असावी, हे त्यांच्या मनानं घेतलं. निवृत्त झाल्यावर तर दुसरा उद्योगच उरला नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ज्या कोणाच्या गोठ्यात तसली गाडी कोंबड्या सांभाळत उभी होती, त्या प्रत्येकाकडे ते जाऊन आले. एकही पसंत पडली नाही. आणि मग कोणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला. गाडी पांढरी होती, काचा शाबूत होत्या, पण होती कर्नाटकात, सीमेपलीकडच्या एका लहान गावात.

गाडी एका शाळामास्तरांची होती आणि मास्तर दोन वर्षांपूर्वी वारले होते. म्हणजे आधी ती त्यांच्या बायकोच्या नावावर चढवायची, मग तिकडच्या आरटीओचा ना हरकत दाखला काढायचा, मग गाडी इकडे आणून तपासणी करायची, टॅक्स भरायचा, आणि मग कुठं महाराष्ट्राचा नंबर. हे सगळं मला साडूभाऊंनी माझ्या ओट्यावर चढत-उतरत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खांद्याला बियाण्याची एक कापडी पिशवी आली. तिच्यात प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स असत. एकदा मी पाहिलं, तर झेरॉक्सचीही झेरॉक्स होती. विचारलं तर म्हणाले, "हापिसात कवा काय मागतील, नेम न्हाई राव."

मास्तरांच्या बायकोला ते अज्जी म्हणत. अज्जींना मराठी येत नव्हतं, साडूभाऊंना कन्नड येत नव्हतं. अज्जींची लेक कोल्हापूरला दिलेली. तीच फोनवरून दोघांचं बोलणं इकडून तिकडे पोचवी. एवढ्यावर वारसाचं काम सुरळीत झालं. गाडी अज्जींच्या नावावर आली. पण दाखल्याचा अर्ज पुढं केला तशी अज्जींनी तो वाचला, घडी घातली आणि देवघरात नेऊन ठेवला. सही केली नाही. नकोही म्हणाल्या नाहीत. जेवायला वाढलं.

असं तीनदा झालं. एस. टी. बदलत बदलत साडूभाऊ जात, भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊन परत येत. चौथ्यांदा निघाले तेव्हा ताई चिडली. मीही म्हटलं, साडूभाऊ, दुसरी बघा. ते पिशवीचा बंद आवळत म्हणाले, "गाडीला काय हो, दुसरी घावंल. पर म्हातारी सही का करंना, ते तर कळू द्या."

या वेळी लेकीनं फोनवर सांगितलं, आई रोज दुपारी त्या गाडीत जाऊन बसते. दार लावून घेते. काय करते ते आम्हीही विचारत नाही. पुढचं मला साडूभाऊंनी नंतर सांगितलं. परतीच्या एस. टी.ला दुपारपर्यंत वेळ होता, आणि नुसतं थांबणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी बॉनेट उघडलं. मास्तर गेल्यापासून इंजिन फिरलंच नव्हतं. दुपारची एस. टी. गेली, दुसऱ्या दिवशीचीही गेली. त्यांनी कार्ब्युरेटर खोलून धुतला, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या, गावातून बॅटरी मागून आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी खोकली, धूर ओकली आणि चालू झाली.

अज्जी पिठाच्या हातानं बाहेर आल्या. दारातच थांबल्या. गाडी बराच वेळ चालू राहिली. साडूभाऊंनीही बंद केली नाही. मग अज्जी आत गेल्या, हात धुतले, देवघरातला अर्ज आणला आणि त्यांच्याकडे पेन मागितलं.

पुढचं सगळं कागदोपत्री होतं, म्हणजे सोपं नव्हतंच. दाखला यायला दोन महिने लागले. इकडे तपासणीला नेली तेव्हा गंजामुळे चासीवरचा एक आकडा एक आहे की सात, ते इन्स्पेक्टरना ठरवता येईना. साडूभाऊ रॉकेलची बाटली घेऊन तिथंच गाडीखाली शिरले. सात निघाला. बुकातही सातच होता. नवं आरसी बुक पोस्टानं आलं त्या दिवशी त्यांनी ते पोस्टमनला वाचून दाखवलं.

पहिल्या लांबच्या फेरीला ते ताईला घेऊन कर्नाटकातच गेले. अज्जी बाहेर आल्या, ताईचा हात धरला, गाडीभोवती एक फेरी मारली. नव्या पाटीपाशी थांबल्या आणि तिच्यावरून बोटं फिरवली. काहीतरी बोलल्या. लेक तेव्हा माहेरी आलेली होती, तिनं सांगितलं, "आई म्हणते, हा नंबर मला पाठ नाही."

हे मला साडूभाऊ मंचरच्या हायवेकडेला टायरमधली हवा बघत सांगत होते. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"काय म्हननार?" ते म्हणाले. "मागलं दार उघाडलं. बसल्या. मास्तरांच्या शाळंपातूर नेऊन आणलं."