पाहून कळवतो

तुम्ही कधी मुलगी पाहायला गेला असाल, नाहीतर तुमच्या घरी कोणी पाहायला आलं असेल, तर हा सीन तुम्हाला पाठ आहे. पोहे संपतात, बशा टेबलाखाली सरकतात, आणि मुलाकडचा मोठा माणूस गुडघ्यांवर तळवे टेकून उठतो. शर्टाचं वरचं बटन लावतो. म्हणतो, "बरं. पाहून कळवतो." यानंतर कोणी काही कळवत नसतं, हे दोन्ही घरांना माहीत असतं. तरी सगळे दारापर्यंत हसत जातात.

आमचे सर हे सगळं कॉलेजच्या ऑफिसात करायचे. तळव्यांसकट, बटनासकट.

सर म्हणजे खरं तर सर नव्हते. हिंगण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. बी.ए. झालेलं, बी.एड. झालेलं, मास्तरकी मिळालेली नाही. प्रताप नगरात काकूंच्या घरी वर दोन खोल्या, एक त्यांची, एक माझी. मी काटोलकडून नागपुरात बी.एड. करायला आलो होतो, पण अभ्यासापेक्षा नकलांत माझं नाव जास्त झालं होतं. एकदा काकूंच्या आवाजात दूधवाल्याला जास्तीचं दूध सांगितलं. ते काकूंनी मलाच प्यायला लावलं, उभं राहून.

"सर" हे नाव काकूंचंच. राहायला आले त्या दिवशी त्यांच्या एका हातात पेटी होती आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकनं झाकलेलं मोहेंजोदडोचं महास्नानगृह. थर्माकोलचं. बी.एड.च्या पाठासाठी स्वतः कापून बनवलेलं, पायऱ्या, खांब, आणि मधे पाणी म्हणून निळा चकचकीत कागद. काकू अख्ख्या गल्लीला सांगत फिरल्या, "मी म्हटलं बाथरूम कॉमन आहे, तं सर स्वतःचं घेऊनच आले."

सरांचा हट्ट एकच. अकरावी-बारावीच्या वर्गावर उभं राहून इतिहास शिकवायचा. त्याला एम.ए. लागतं. आता ते एम.ए. खिशाला झेपलं पाहिजे, कंपनीची पाळी सांभाळून झालं पाहिजे, आणि भरतीत वयाची अट असते, ती निघून जायच्या आत झालं पाहिजे. नागपुरात एम.ए. काय कमी आहेत? पण सरांना पसंत पडेल तर ना.

पाहायला जाताना मला सोबत घ्यायचे. "एकट्यानं जाणं बरं नाही दिसत गा. आपल्याकडून दोन माणसं तरी पाहिजेत."

मग पांढरा शर्ट, केसांना पाणी. खोलीत मले-तुले करणारा हा माणूस ऑफिसच्या पायरीवर पाय ठेवला की पाठ्यपुस्तक व्हायचा. "नमस्कार. आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाविषयी जाणून घेण्यास आम्ही आलो आहोत." क्लार्क दचकून टेबलाखाली चपला शोधायचा. त्याला वाटायचं, तपासणी आली.

सगळी चौकशी करून झाली की सर शेवटचा प्रश्न विचारायचे, "इथं शिकून मास्तर झालेला एखादा माणूस दाखवता का?" यावर क्लार्क उगाच फायली चाळायला लागायचा. मग तळवे गुडघ्यांवर.

एका ठिकाणी फी अगदी कमी होती. मी खूश. सर बाहेर आले आणि म्हणाले, "विषय पाहिला का? कोणत्या शाळेत शिकवतात हा विषय? शाळेत जागाच नाही, तं हे एम.ए. घेऊन मी काय बसमध्ये व्याख्यान देऊ?"

दुसरीकडचे साहेब फार प्रेमळ होते. "हजेरीचं टेन्शन नका घेऊ. ते आपण पाहून घेऊ. परीक्षेला तेवढं या." सरांचा चहा अर्धा राहिला. रस्त्यावर येऊन मला म्हणाले, "वर्गात न बसता मास्तर व्हाचं म्हणते तो. म्हणजे नवरदेवानं लग्नाले नाही आलं तरी चालते."

सरकारी विभागही पाहिला. फी परवडणारी, मास्तर चांगले, लायब्ररी थंडगार. सर तिथं खिडकीशी बराच वेळ उभे होते. पण वर्ग रोज, भर दिवसा. सरांची पाळी पण भर दिवसा. "मुलगी लय चांगली आहे," परत येताना सर म्हणाले, "पण तिचं घर आपल्याले नाही परवडत." फी तर कमी होती ना, मी म्हटलं. "नोकरी सोडून फी कशानं भरू गा?"

चौथं स्थळ माझ्यासाठी होतं, बी.एड. उरकल्यावर मलाही एम.ए. करायचंच होतं. धरमपेठेतली एक चकचकीत संस्था. जाहिरातीत लिहिलं होतं की उद्याचा शिक्षक इथे घडतो. मी भाळलो होतो ते एसीवर, हे आता सांगायला हरकत नाही. कोटातल्या मॅडमनी आम्हाला कोल्ड कॉफी दिली. सरांनी ती बशी मागून बशीत ओतून प्यायली. मॅडमनी फी सांगितली. तेवढ्यात आमच्या बाबांचं काटोलचं दुकान आलं असतं, मालासकट.

"हप्त्यात पण भरता येते," मॅडम माझ्याकडे पाहून म्हणाल्या.

सरांनी त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला. मॅडमनी पुस्तिका उघडून हसणाऱ्या मुलामुलींचा फोटो दाखवला.

"यातला मास्तर कोणता?" सर.

"सर, ते मॉडेल्स आहेत."

सर उठले. बटन लावलं. "फारच छान. पाहून कळवतो."

मी मात्र फॉर्म घेऊन आलो. त्याला वास पण छान होता.

एव्हाना सरांची ती नक्कल माझ्या अंगात पक्की बसली होती. काकूंच्या अंगणात मी रोज करायचो. शेजारपाजारचे फर्माईश करायचे, "अरे, ते कळवतो कर ना." एकदा मी ऐन रंगात, गुडघ्यांवर तळवे, आणि समोरचे सगळे एकदम माझ्या मागं पाहू लागले. वळून पाहिलं तर सर, हातात कंपनीचा डबा. मला वाटलं, संपलं.

सर म्हणाले, "बटन लावताना मान वर कराची. नाहीतर कातडी अडकते." आणि वर निघून गेले.

काकू त्या दिवशी हसल्या नाहीत. अंगण रिकामं झाल्यावर लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "तुले वाटते हे कळवतो त्यानं शोधून काढलं? सात-आठ घरी पोहे खाऊन आला तो बिचारा. पॅकिंगले आहे म्हटलं की मुलीचा बाप उठे अन् म्हणे, कळवतो. एकानंही नाही कळवलं."

मी नक्कल बंद केली नाही. तेवढा मी सुधारलेला नाही. पण मान वर करायला लागलो.

शेवटी सरांना एक स्थळ पसंत पडलं. मुक्त विद्यापीठाचं केंद्र, एका प्राथमिक शाळेत, दर रविवारी. इतिहासच. फी सरांच्या आवाक्यातली. तिथल्या मॅडम साध्या, टेबलावर डबा उघडा. सरांनी प्रश्न विचारला, मास्तर दाखवता का? मॅडमनी तोंडातला घास संपवला आणि म्हणाल्या, "मीच आहे ना. सोमवार ते शनिवार याच शाळेत शिकवते. एम.ए. इथूनच केलं."

सर खुर्चीतून उठलेच नाहीत. ऑफिसात पहिल्यांदाच पुस्तकी मराठी विसरले. "मंग मी कधीपासून येऊ?"

"तेच तर आहे दादा. पुरेसे लोक झाले तरच रविवारचा वर्ग भरतो. नाही झाले तर पुस्तकं घरी येतील, वाचायची, परीक्षा द्यायची. यावर्षी इतिहासाला कोणी येऊनच नाही राहिलं. नाव लिहून ठेवते." मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "पाहते अन् कळवते."

मी सरांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. नकलाकार असलो तरी सगळंच पाहायचं नसतं.

घरी पुस्तकं घेऊन वाचणं सरांना चालणारं नव्हतं. "पुस्तकं आहेतच ना माझ्याजवळ. मले वर्ग पाहिजे. समोर फळा पाहिजे. मास्तर कसा शिकवते, ते पुस्तकात कुठं दिसते?" मग दुसऱ्या दिवसापासून सर वर्ग जमवायला निघाले. कंपनीच्या बसमध्ये बी.ए. झालेला माणूस हेरायचा आणि उतरेपर्यंत त्याच्या शेजारी बसायचं. दोघं-तिघं पॅकिंगचे पटले, गेटवरचा सिक्युरिटीवाला पटला. काकूंची भाची संसारातून बाहेर पडायला रविवार मिळतो म्हणून तयार झाली. लोक एम.ए.ला कशाकशासाठी बसतात, सांगता येत नाही. तरी मॅडम म्हणाल्या, एक जण कमी आहे.

रविवारी सकाळी माझं दार वाजलं. सर पांढऱ्या शर्टात. हातात पोह्यांची पुडी आणि तर्रीची वेगळी पिशवी. माझ्या खाटेच्या अगदी काठावर बसले, जसा मुलीचा बाप बसतो. पोहे माझ्याच ताटलीत वाढले, वरून तर्री, वरून शेव.

"घ्या ना," मला म्हणाले. मला. घ्या.

माझ्या टेबलावर धरमपेठेचा फॉर्म होता, अर्धा भरलेला. सरांनी तो पाहिला, आणि न पाहिल्यासारखं केलं.

"मुलगी साधी आहे," सर म्हणाले. "दिसाले काही खास नाही. घरी एसी नाही. पण घरंदाज आहे, इतिहासाची आहे. रविवारीच भेटते. मागणी काही नाही. तुमच्या बाबांचं दुकान जिथल्या तिथं राहीन."

मी पोहे खाल्ले. सगळे, तर्रीसकट. मग काय झालं माहीत नाही, सवय म्हणा. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले, मान वर करून बटन लावलं, आणि त्यांच्याच आवाजात म्हटलं, "बरं. पाहून कळवतो."

इतकी हुबेहूब मला कधीच जमली नव्हती.

सर हसले नाहीत. "हाव. पहा ना आरामात," म्हणाले आणि रिकामी ताटली उचलायला वाकले. ताटली माझी होती, ते पण विसरले. ती घेऊन दारापर्यंत गेले.

"सर," मी म्हटलं, "फोटो किती लागतात फॉर्मले?"

सर दारात उभे राहिले. पाठमोरेच. "दोन," म्हणाले. ताटली दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "कान दिसले पाहिजेत."

असा मी इतिहासाचा एम.ए. झालो. पोह्यांवर.

ते रविवार काय सांगू. पहिलीच्या मुलांचे बाक, आमचे गुडघे हनुवटीला लागत. सिक्युरिटीवाला बसल्या बसल्या झोपायचा, भाची मोबाईलवर भाजी मागवायची. सर पहिल्या बाकावर, पाळी बदलून आलेले, मॅडमच्या खडूकडे असे पाहायचे की मॅडम अवघडून जायच्या. एकदा महास्नानगृहाचा विषय आला. सर घरून ते घेऊन आले, सिटी बसमध्ये मांडीवर ठेवून. मॅडम म्हणाल्या, आज तुम्हीच घ्या तास. सर फळ्यापाशी गेले. आता मी हमखास हसणार होतो, तयारीत होतो. पण पायऱ्या दाखवता दाखवता सर मले-तुले बोलत होते, पुस्तकी भाषा कुठं गेली ते त्यांनाही कळलं नाही. सिक्युरिटीवाला जागा झाला. त्यानं विचारलं, "पाणी कुठून येत असन सर?" आणि सरांना सांगता सांगता घाम फुटला. त्या तासाची नक्कल मी केली नाही. त्यात करण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही पास झालो. सरांना माझ्यापेक्षा बरेच जास्त मार्क. आणि वयाची अट अगदी दाराशी आलेली असताना सरांना जागा मिळाली. गडचिरोलीच्याही पुढं एका आश्रमशाळेत, अकरावी-बारावीला इतिहास, तासिकेवर. म्हणजे जितके तास, तितकेच पैसे. कंपनीत यापेक्षा जास्त मिळत होते. पॅकिंगवाले म्हणाले, येडा झाला.

गणेशपेठच्या स्टँडवर मी आणि काकू सोडायला गेलो. पेटी टपावर, महास्नानगृह मांडीवर. काकू खिडकीखालून ओरडल्या, "सर, बाथरूम घेतलं ना?" आणि मग पदरानं नाक पुसलं.

सरांनी वरचं बटन लावलं. "बरं," म्हणाले. "पोचलो की कळवतो."

काकू माझ्याकडे पाहू लागल्या, मी काकूंकडे. दोघांनाही माहीत होतं या शब्दाचा अर्थ.

झालंही तसंच. दिवाळी गेली, संक्रांत गेली, फोन नाही. लावला तर लागायचा नाही. त्यांच्या खोलीत एक बँकवाला आला, त्याची नक्कल करावी असं त्याच्यात काही नाही. काकू म्हणायच्या, "नसन जमलं तिथं. लाजून सांगत नसन." मी आता एका खाजगी शाळेत शिकवतो. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये फर्माईश झाली की "कळवतो" करतो. ज्यांनी सरांना कधी पाहिलं नाही ते पण हसतात.

परवा शाळेतून येताना सहज लावला, आणि लागला. सरांनी उचलला. मागं मुलामुलींचा गलका चालला होता, बाक सरकत होते, कोणीतरी सारखं विचारत होतं, पाणी कुठून आलं सर, पाणी कुठून आलं.

मी म्हटलं, "सर, मी बोलून राहिलो."

"तास चालू आहे गा," सर घाईघाईनं म्हणाले. "कळवतो." आणि ठेवून दिला.

खोलीवर येऊन मी तो "कळवतो" आरशासमोर करून पाहिला. तळवे ठेवले, बटन लावलं, मान वर केली. बाकी सगळे जमतात. हा नाही जमला. मग काकूंना सांगायला खाली गेलो.