आयाळ किती ठेवायची

आमचा घोडा दिसायला बैलाच्या अंगाचा होता. आखूड पाय, रुंद छाती, जाड मान. आयाळ एवढी दाट की मान झटकली की डोळे झाकून जायचे. चारही खुरांवर केसांचे झुपके, घोटे पार बुजलेले. बाबांनी तो नांदेडकडच्या जत्रेतून आणला होता. बेला गावाजवळच्या आमच्या खेड्यापासून आदिलाबादपर्यंत ते टांगा चालवायचे. पुढे जीपगाड्या आल्या आणि टांग्याचा धंदा बसला, पण घोडा त्यांनी विकला नाही. लग्नाच्या वरातींना नेऊ लागले. असा केसाळ घोडा आसपास दुसरा नव्हता, त्यामुळे लांबलांबून बोलावणं यायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाबा कापसानं भरलेल्या बैलबंडीवरून पडले आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. आई वेचणीला जायची. मी एकोणीस वर्षांची, शिक्षिकेचं प्रशिक्षण संपवून नेमणुकीच्या कागदाची वाट बघत घरी होते. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की दारात धावायची, आणि तो पुढे निघून गेला की गोठ्यात. एका जागी बसवत नव्हतं.

तुळशीचं लग्न लागलं आणि पहिली वरात ठरली. नवरदेवाचा मामा येऊन बजावून गेला, "केसं तसेच ठेवजा बरं. पोराच्या मायले हाच केसाळ घोडा पायजे."

तो गेल्यावर बाबा खाटेवरून म्हणाले, "आयाळ एक बोट काप, म्हंजे सरळ दिसंल. पायाले हात लावू नोको."

धनगराकडून मेंढ्या कातरायची कातर आणली आणि मी कामाला लागले. आयाळीत गोखरूचे काटे अडकून दोरखंडासारख्या गाठी झाल्या होत्या. एक बोट कापलं तरी गाठी तशाच. गाठी कापल्या तर तिथं खड्डा पडला. खड्डा दिसू नये म्हणून बाजूचं कापलं. मागं सरकून पाहिलं तर खांद्याकडची बाजू खाली आलेली. ती वर घेतली, तर डोक्याकडची लांब दिसू लागली. थांबावं असं प्रत्येक वेळी वाटायचं, आणि हात पुन्हा कातरीकडे जायचा. शेवटी चार बोटं गेली. उरलेले केस खाली पडेनात, उभेच राहिले.

आणि हे चाललेलं असताना घोडा मागचा डावा पाय सारखा आपटत होता.

"माश्या असतीन," बाबा खाटेवरूनच म्हणाले.

मी खाली वाकले. झुपक्याला ओल्या गोणपाटाचा वास येत होता. बोटं आत घातली तर केसांच्या मुळाशी काळ्या मातीचा घट्ट थर, पावसाळ्यापासूनचा. घोड्याने पाय हिसकून घेतला. मी उठले, गोठ्याच्या दारापर्यंत गेले, परत आले. एका पायाचे केस काढले तर बाकी तीन पायांचं काय? वरात चार दिवसांवर. मामाला काय सांगायचं? आयाळ तर आधीच बिघडवलेली. पुन्हा दारापर्यंत गेले. मग बाबांना न विचारता बसले आणि घोट्यापासून खुरापर्यंत सगळं कातरून टाकलं.

खालची कातडी फाटली होती. भेगा, त्यात पू.

कातरीचा आवाज ऐकून बाबा आलेच. "पाय काऊन कापून राह्यली? सांगतलं होतं ना तुले!"

"बाबा, पाहा तं खरं."

ते एका हातानं तोल सांभाळत खाली बसले. डाव्या हातानं त्यांनी घोड्याचा पाय धरला.

"केसाखाली दिसतच नव्हतं," मी म्हणाले.

"मले दिसाले पायजे होतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "बाकीचेबी काप."

आणखी एका पायाला भेगांची सुरुवात झालेली निघाली. ढोरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर सायकलवर आला. त्यानं जांभळ्या औषधाच्या पाण्यानं पाय धुतले, मलम दिलं आणि हिंदीत सांगितलं, "नीचे बाल मत रखो, हवा लगने दो. बीस दिन काम बंद."

बाबा दुसऱ्या दिवशी गळ्यात अडकवलेल्या हातासह नवरदेवाच्या घरी नकार सांगायला गेले. मी म्हटलं, कोणाच्या तरी हाती निरोप द्या. ऐकलं नाही. ते येईपर्यंत मी गोठा दोनदा झाडला, विहिरीवर तीन खेपा केल्या, एकही घागर लागत नसताना. मामा काय काय बोलला असेल ते मनातल्या मनात घोळवत राहिले.

दिवस मावळताना बाबा आले.

"रागावले का?" मी विचारलं.

"नाई. मोटारसायकलवर बसवतो म्हनले नवरदेवाले." चपला काढता काढता पुन्हा म्हणाले, "हासून म्हनले." त्यांना शिव्या खाव्या लागल्या असत्या तरी इतकं लागलं नसतं.

पाय बरे झाले. पण वराती कमीच होत गेल्या. मला बोथ गावाकडे शाळा मिळाली. दर वर्षी पावसाच्या तोंडावर मी घरी यायची आणि पाय भादरून जायची. आयाळीवरून आमचा वाद व्हायचाच. बाबा बोटं लावून मोजायचे, मी म्हणायची तुमची बोटं जाड आहेत.

नव्वदच्या पुढे कधीतरी गुडीहत्नूरच्या एका शेतकऱ्यानं घोडा घेतला. त्याला शेतात जायला यायला हवा होता. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते. त्यानं विचारलं, "केसाचं कसं करायचं?"

"तिले इचारा," बाबा म्हणाले. "तिनंच कापले आजपरंत."

मी सांगितलं, पायाचे पावसाआधी सगळे काढा, आयाळ वीतभर ठेवा. माणूस मान डोलावत निघाला. घोडा मागून चालू लागला, वळून बघितलं नाही त्यानं.

परतीच्या बसमध्ये बसले आणि वाटलं, वीतभर फार सांगितली, पुन्हा गोखरू अडकतील. थोडं पुढे गेल्यावर वाटलं, नाही, कमी सांगितली, माश्या वारायला काही नको का त्याला? बोथ येईपर्यंत दोन्ही खरं वाटत राहिलं.