डोमनिकला जंगल दाखवायचं होतं

माणूस एकदा कुठं जाऊन आला की सांगायला एकच गोष्ट उरते. ठरवून न घडलेल्या सहलीचं तसं नाही, तिचे किस्से संपत नाहीत. आमच्या तिघांकडे ते पोतंभर आहेत आणि एकेक आठवला की माझं डोकं आजही फिरतं.

तिघं म्हणजे पाचूबंदरचा सखाराम, ज्याची होडी. होळी गावचा डोमनिक, ज्याची केळीची वाडी. आणि मी, वसईच्या शाळेतला मास्तर, ज्याचं नशीब फुटकं. डोमनिकला आगबोटीवर नोकरी लागली होती. दसऱ्यानंतर निघायचं, परत कधी ते देवाला ठाऊक. वाडीला पाणी घालताना पूर्वेचे डोंगर बघत तो लहानाचा मोठा झाला, पण जवळ कधी गेला नव्हता. जाण्याआधी एकदा खाडीतून वर, कामणच्या बाजूच्या राखीव जंगलापर्यंत होडीनं जायचं, एवढंच त्याचं मागणं. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं!

*

आधी गेलो रेंजरसाहेबाकडे. त्यानं विचारलं, लाकूड तोडणार? नाही. शिकार? नाही. मध काढणार? तेही नाही.

"मग जाताय कशाला?"

डोमनिक म्हणाला, बघायला. साहेबानं संशयानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. लाकडाला परवाना आहे, शिकारीला आहे, नुसतं बघायला परवाना नाही, आणि परवान्याशिवाय आत दिसलात तर धरीन, असं त्यानं बजावलं.

बाहेर आल्यावर सखारामनं निकाल दिला, "काठाला पाय लावायचा नाय. होडीत बसून बघू. पानी काय त्याच्या बापाचं नाय."

*

आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं, मासळीच्या होडीत बसायचं तर ती आधी साबणानं धुऊन घ्या. मी मूर्खासारखं ते सखारामला जाऊन सांगितलं. त्यानं माझ्याशी बोलणंच टाकलं. शेवटी डोमनिकनं समेट घडवला, तेव्हा एवढंच म्हणाला, "मास्तर, तुमी बैलगाडीनं या."

*

मग सखारामची आई आडवी आली. समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी हलणार नाही. बरं, नारळी पौर्णिमेपर्यंत थांबलो. नारळ दिला, तर डोमनिकची आय म्हणाली, तुमचा नारळ झाला, आता पाद्रीबाबांनी होडीवर तीर्थ शिंपडल्याशिवाय माझा पोर बसायचा नाही. पाद्रीबाबा वांद्र्याला गेलेले. त्यांची वाट बघितली. ते आले, शिंपडून झालं, सगळ्यांची आपुलकीनं चौकशी केली, चहा घेतला. तेवढ्यात खाडीतलं पाणी गेलं.

*

मला शाळा, म्हणून जायचं ते रविवारीच. आणि रविवारी डोमनिकला आधी चर्चमधली प्रार्थना, मिस्सा. भरती पहाटे, मिस्सा सकाळी. डोमनिक कोट घालून, केळी आणि तांदळाच्या रोट्या घेऊन यायचा तेव्हा होडी चिखलात बसलेली असायची. मग तिच्यातच बसून आम्ही रोट्या खायचो आणि भांडायचो.

"दर्या काय पाद्रीला इचारून भरतो काय रे?" सखाराम ओरडायचा. डोमनिक केळी सोलायचा.

*

शेवटचा रविवार आला. सोमवारी डोमनिक निघणार. सखारामनं या वेळी मुद्दाम पौर्णिमेचा रविवार धरला होता. भरती दुपारी, म्हणजे मिस्सा आटपून निवांत निघता येईल. मी डोमनिकला तसं बजावलंही होतं. पण इतक्या शिव्या खाल्लेल्या माणसाचा विश्वास बसतो होय? जन्मात पहिल्यांदा मिस्सा चुकवायचं ठरवून, आयशी भांडून, तो उजाडताच बंदरावर हजर. होडी चिखलात. सखारामनं कपाळावर हात मारला. वेळ आहे, मिस्सा करून ये, म्हणून त्याला परत पाठवला.

तो गेला तो गेलाच. पाद्रीबाबांनी प्रवासाला निघालेल्या माणसासाठी खास प्रार्थना घेतली. मग आत्या, मावश्या, सगळं होळी गाव गळ्यात पडलं. इकडे पाणी आलं, होडी तरंगली, आणि आमच्या डोळ्यांदेखत पाणी ओसरू लागलं. उन्हं कलल्यावर डोमनिक धावत आला, तेव्हा होडी पुन्हा चिखलात.

मी तोंड उघडणार होतो. सखारामनं मला हातानं थांबवलं.

"बस होडीत," तो डोमनिकला म्हणाला.

डोमनिक बसला. सखाराम गुडघाभर चिखलात उतरला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी धोतर खोचून उतरलो. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं मी, होडी ढकलू लागलो. हातभर सरकली असेल नसेल. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसलेला डोमनिक डोंगरांकडे बघत होता.

"दिसतंय काय रे?" सखारामनं धापा टाकत विचारलं.

"दिसतंय," डोमनिक म्हणाला. "अजून थोडं पुढं घ्या."