नवमीचं पान

अण्णांविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

अण्णा शिंपी होते, बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले. दुकानाच्या माडीवर माझी भाड्याची खोली. शिवलेला कपडा देताना ते शिवण उलटून दाखवत आणि म्हणत, "स्वल्प कापड आत सोडलंय. माणूस आज असा, उद्या तसा."

मी निपाणीकडचा, हडकुळा. म्हणालो, "अण्णा, या सदऱ्यात अजून एक मी मावेन."

"मावू दे की, कालेजी. इथला भात खाऊन फुगशील."

त्यांची बायको वारलेली. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं करतात तसं, ते एका सवाष्णीला जेवू घालत, खण देत. सासरी गेलेली मुलगी येऊन रांधायची, तिचे सासरेही यायचे. पहिल्या वर्षी मीही पंगतीत होतो. अण्णा वाढत राहिले, स्वतः जेवले नाहीत.

दिवाळीआधी त्यांनी माझ्या हातात एक पुडकं दिलं. "तुमचा वर्ग तिकडे जातो ना?"

'तिकडे' म्हणजे सरकारी मानसिक रुग्णालय. गल्लीत त्याचं नाव कुणी घेत नसे. मी मानसशास्त्राचा विद्यार्थी. आम्हाला तिथे अधूनमधून नेत.

"बायकांच्या वॉर्डात द्यायचंय. पोलकं आहे."

"कुणाला?"

अण्णांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "माझ्या बायकोला."

मग खाली मान घालून बोलले. "पोर लहान होती तेव्हा हिला तिकडे नेऊन सोडलं. त्या काळी तिकडे गेलेलं माणूस परत येत नसे रे. पेठ बदलली. पोरीला सांगितलं, आई वारली. लग्न ठरताना व्याह्यांनाही तेच. एकदा सांगितल्यावर नवमी करावी लागली. आता नव्या गोळ्या आल्यात. डॉक्टर म्हणतात, बरी आहे, घेऊन जा. कुठं नेऊ? सगळी गल्ली तिच्या नावानं जेवलीय."

अण्णांची बायको, अक्का, वॉर्डाच्या ओट्यावर पावट्यासारख्या अवरेच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पोलकं घेतलं आणि आधी शिवण उलटली. हसल्या. "अजून आत सोडतात! मी कधी जाडी होते याची वाट बघतायत वाटतं."

मग शेंगांकडेच बघत विचारलं, "घरी सणवार होतात ना रे?"

"होतात, अक्का."

"पंगत बसते?"

"बसते."

"बरं."

परतल्यावर अण्णांनी विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हणालो, "हसल्या." ते म्हणाले, "सरी, ठीक. पुढल्या खेपेला मीच जातो." पुढल्या खेपेला ते माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले आणि पुडकं माझ्या हाती देऊन परत फिरले.

पुन्हा नवमी आली. पोट दुखतंय असं सांगावं, असं माझ्या मनात होतं. खालून हाक आली, "कालेजी, पान वाढलंय!" आणि मी उतरलो. व्याह्यांनी खीर मागून घेतली, म्हणाले, "भाग्याची बाई. अहेवपणी गेली." अण्णांच्या हातातली पळी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पानाकडे बघत वडा मोडला.

पुढे मला होसकोटेच्या शाळेत नोकरी लागली. अण्णांकडे जाणं मी टाळत राहिलो.

परवा यशवंतपूर स्टेशनवर त्यांच्या शेजारचे बटणवाले काका भेटले. "कळलं का तुला?" म्हणाले. "यंदा नवमीला पानं मांडली, पण सवाष्णीचं पान रिकामं. आम्ही खोळंबलोय. तेवढ्यात दारात घोड्याचा जटका थांबला. अण्णांनी एका बाईला हात धरून उतरवलं, आत आणलं, त्या पानावर बसवलं. म्हणाले, ही माझी बायको. मी खोटं बोललो."

"मग?"

"व्याही ताडकन उठले. जावयाला घेऊन गेले. मुलगी भिंतीला टेकून उभी. मग तिनं भाताचं पातेलं उचललं आणि आईला वाढलं. ती अजून माहेरीच आहे रे. तिकडून बोलावणं नाही."

"आणि अक्का?"

"जेवल्या. सावकाश, सगळं. मग अण्णांना विचारलं, आजवर माझ्या नावानं कोण कोण जेवलं? आम्ही समोरच बसलेलो. अण्णांनी उभं राहून एकेकाचं नाव सांगितलं."

मी विचारलं नव्हतं, तरी काका म्हणाले, "तुझंही सांगितलं."