आत्याचे पैसे

कपाट उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. आत्या गेल्यावर अकोल्याला तिची ट्रंक उघडली, तेव्हा असाच वास घरभर झाला होता. तिनं थोडे पैसे माझ्या नावावर ठेवले होते. मी म्हटलं, "मी कॅमेरा घेईन."

दादानं ट्रंकेचं झाकण धाडकन आपटलं. "पोरीले कॅमेरा कायले पाह्यजे? तुया लग्नाले लागतीन ते पैसे."

"आत्यानं मले देल्ले, लग्नाले नाई."

"मंग या घरात पाय नको ठेवू."

आई खाली मान घालून आत्याच्या साड्यांच्या घड्या घालत राहिली.

अमरावतीला जाऊन मी कॅमेरा घेतलाच. पुढं कधीतरी आई सहज बोलून गेली, "आत्यानं मले सांगतलं होतं, पोरीले कॅमेराच घेऊ देजा."

दादाशी आता मी बोलते. आईच्या त्या गप्प बसण्याचा राग मात्र अजून जात नाही.